खिडकीची चौकशी

‘भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊ नका.’ सोनोग्राफीच्या खोलीत माझी सगळी नोकरी हे सांगण्यात गेली. बाहेर बाकावर पाय आवळून बसलेल्या बायका मनातल्या मनात मला काय म्हणत, ते कळत होतंच. हा छळ मूळचा ग्लासगोचा. धातूतली चीर शोधणारं कारखान्यातलं तंत्र तिथले डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी पोटावर वापरलं, १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. पुढे १९६३ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी बाजूला सरतात आणि मागची गर्भपिशवी स्वच्छ दिसते. तेव्हापासून लघवीची पिशवी ही आमची खिडकी. तिच्यातून सगळ्यांनी पाहिलं, तिची चौकशी मात्र थोड्यांनीच केली.

त्या थोड्यांतले एक डेन्व्हरचे जोसेफ होम्स. १९६७ मध्ये पिशवीच्याच अल्ट्रासाउंडवर त्यांचा निबंध आला. तोवर लघवी करून झाल्यावर आत किती उरली हे बघायचं, तर नळी घालायची. लहान मुलाला नळी म्हणजे दोघांनी पाय धरायचे आणि आईनं तोंड फिरवायचं.

आमचं काम त्या मानानं सोपं. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार, त्याला पुन्हा ०.५२ नं गुणायचं. पिशवीत मावायला किती हवं, त्याचाही ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवा, तिसानं गुणा. सात वर्षांच्या मुलीची पिशवी साधारण २४० मिलिलिटरची. ती उड्या मारत बाथरूममधून येते, ‘झाली!’ म्हणते, गार जेल लागल्यावर खिदळते. आणि पडद्यावर काळं डबकं तसंच. लघवी करताना खालचे स्नायू सैल सोडायचे, तेच काही मुलं आवळून धरतात. स्पायना बिफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असेल, तर मज्जातंतूंचाच निरोप नीट पोचत नाही. उरलेल्या लघवीतून जंतुसंसर्ग, आणि पिशवीतला दाब चढत राहिला तर किडनीवर बेततं. म्हणून मोजायचं ते एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

त्यासाठी यंत्र मुलाकडे जायला हवं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून ‘ब्लॅडरस्कॅन’ आलं. त्याला सोनोग्राफीचं चित्र वाचणारा डॉक्टर लागत नाही. नर्सनं हातातला प्रोब ओटीपोटावर टेकवायचा, आकडा मिळतो. आम्हा डॉक्टरांना ते थोडं झोंबलंच.

आपल्याकडे फिरत्या सोनोग्राफी यंत्राचं नाव वेगळ्याच कारणानं खराब झालं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायदा केला, देशानं १९९४ मध्ये. २०१२ च्या दुरुस्तीनं पोर्टेबल यंत्र नोंदणी झालेल्या रुग्णालयातल्या दाखल रुग्णांपुरतं किंवा फिरत्या आरोग्य पथकापुरतं ठेवलं. ते योग्यच झालं. गाडीच्या डिकीतून यंत्रं कशासाठी फिरत होती, हे आमच्या धंद्यात कोणाला ठाऊक नव्हतं? पण तपासणीसाठी पोराला कडेवर घेऊन एसटीनं येणाऱ्या आईचा त्यात काय दोष?

मुलाच्या लघवीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राची गोष्ट युरोपात आणखी मागे जाते. १९०४ मध्ये ग्राझच्या बालरुग्णालयातले डॉक्टर फाउंडलर यांनी अंथरूण ओलं झालं की वाजणारी विजेची घंटा केली. हेतू एवढाच, की नर्सला कळावं आणि चादर बदलावी. झालं भलतंच: काही मुलं अंथरूण ओलं करायचीच थांबली! तरी घंटा वाजायची ती लघवी होऊन गेल्यावर. होण्याआधी सांगणारं यंत्र यायला पुढे कित्येक दशकं लागली. नेदरलँड्समधल्या नोव्हिओस्कॅन कंपनीचं ‘सेन्स-यू’ ओटीपोटावर चिकटवतात. पिशवी भरत आली की ते थरथरतं. उट्रेख्टच्या बालरुग्णालयात मुलांवर त्याचा अभ्यास झाला.

ते आपल्या वर्गात आलं, तर काय होईल ते मी आत्ताच सांगते. यंत्र थरथरेल, पोर करंगळी वर करेल, आणि बाई म्हणतील, ‘आत्ताच तर मधली सुट्टी झाली ना? बस खाली.’