पॅरामेट्रिक मॉड्युलेशन आणि कॉन्ट्रास्ट

पॅरामेट्रिक मॉड्युलेशन : उद्दीपकाचे प्रमाण कमीजास्त होते तसा मेंदूचा प्रतिसादही बदलतो का, हे एफएमआरआय चित्रणात तपासण्याची रिग्रेशन विश्लेषणातील पद्धत. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये रक्तातील ऑक्सिजनवर अवलंबून असलेला चुंबकीय संकेत दाखवून दिल्यावर हे चित्रण शक्य झाले. लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी सुरू केलेल्या एसपीएम या संगणकप्रणालीमुळे ही पद्धत रूढ झाली.

देहूला पालखी प्रस्थानाच्या वेळी टाळ-मृदंगाची लय चढत जाते. समजा, मृदंगाचे तुकडे मिनिटाला ६०, ९० व १२० मात्रांच्या लयीत सारख्याच वेळा, यंत्रात पडून असलेल्या वारकऱ्याला ऐकवले. (यंत्राच्या खडखडाटात ते कितपत ऐकू येतील, हा प्रश्न वेगळा.) प्रतिमानाच्या पहिल्या स्तंभात तुकडा वाजल्याची नोंद असते, दुसऱ्यात त्याच क्षणांना, सरासरी ९० वजा करून, −३०, ० व ३० हे भार दिलेले असतात. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद कळसाला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात, म्हणून दोन्ही स्तंभ त्या प्रतिसादाच्या आकारात घडवून घेतात. तिसरा स्तंभ स्थिरांकाचा.

कॉन्ट्रास्ट म्हणजे प्रत्येक स्तंभाच्या अंदाजाला किती वजन द्यायचे, याची यादी. (१, ०, ०) हा कॉन्ट्रास्ट सरासरी लयीला मिळणारा प्रतिसाद मोजतो, तर (०, १, ०) लयीबरोबर तो वाढतो का हे सांगतो. एखादा भाग प्रत्येक तुकड्याला जोरात प्रतिसाद देईल, पण लयीशी त्याला काही देणेघेणे नसेल. तो पहिल्यात उठून दिसेल, दुसऱ्यात नाही. सरासरी वजा केली नाही, तर पहिल्या स्तंभाचा अर्थ ‘शून्य मात्रांच्या लयीला मिळणारा प्रतिसाद’ असा होतो, आणि अशी लय अस्तित्वातच नसते.

टाळांचेही असेच दोन स्तंभ जोडले, की मृदंग, मृदंगाची लय, टाळ, टाळांची लय या क्रमाने (०, १, ०, −१) हा कॉन्ट्रास्ट दोन उतारांतला फरक तपासतो. मात्र दोन्हीकडे एकक एकच हवे. एकीकडे मात्रा आणि दुसरीकडे प्रमाण विचलनाने भागलेले आकडे असतील, तर वजाबाकीला अर्थ उरत नाही. संगणक मात्र उत्तर बिनतक्रार देतो.

लयीखेरीज ऐकणाऱ्याच्या आवडीचे गुणही घेतले, तर गुंता वाढतो, कारण लय आणि आवड बहुधा हातात हात घालून चढतात. एसपीएम मूळ मांडणीत प्रत्येक नव्या घटकातून आधीच्या घटकांशी सामाईक असलेला भाग काढून टाकते. त्यामुळे सामाईक श्रेय आधी लिहिलेल्या घटकाला जाते. शेवटच्याचा अंदाज बदलत नाही, प्रतिमान माहितीशी एकूण किती जुळते हेही बदलत नाही. एसपीएम-१२ मध्ये ही सोय बंद करता येते.