चाळीत टीव्हीसाठी कोणता अँटेना घ्यावा?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींच्या छपरांवर काड्यांचे अँटेने उभे राहिले. त्या सगळ्यांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे असत: गिरगावातून उत्तरेला, दादरमधून नैऋत्येला. ते जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता बंद झाले आहे. त्यामुळे माळ्यावरचा जुना अँटेना नव्या टीव्हीला नुसता जोडून ते प्रक्षेपण दिसणार नाही.

दरमहा पैसे न भरता टीव्ही पाहायचा तर सोपा पर्याय म्हणजे डीडी फ्री डिश. त्यासाठी साधारण ६० सेंटीमीटरची छत्री आणि सेट-टॉप बॉक्स लागतो. बॉक्स एमपीईजी-४ चा घ्यावा. साध्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

छत्री कुठे लावावी?

फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, होकायंत्रावर सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश उंचीवर येतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा पाहता येते. छत्री दिसायला बरीच उभी असते, पण तिच्या बाकामुळे ती वरचाच सिग्नल पकडते.

समोर टॉवर असेल तर?

गिरणगावात आता हाच मोठा प्रश्न आहे. सोपा हिशोब असा: आग्नेयेकडची इमारत जितकी दूर, त्याच्या दीडपट उंचीपर्यंत ती आड येत नाही. म्हणजे २० मीटरवरची इमारत छत्रीपेक्षा ३० मीटर उंच असली तरी चालते. त्याहून उंच असेल तर छत्री गच्चीवर न्यावी किंवा जागा बदलावी. मोठी छत्री घेऊन उपयोग नाही, कारण भिंतीतून हा सिग्नल येत नाही.

सगळ्यांची मिळून एकच छत्री चालते का?

चालते. दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घेतला की तितक्या घरांना स्वतंत्र केबल देता येते. प्रत्येक घरी बॉक्स मात्र वेगळा लागतो.

पावसात चित्र का जाते?

मुसळधार पाऊस आणि दाट ढग हा सिग्नल कमकुवत करतात. डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. ते चौकोन होऊन अडकते किंवा एकदम जाते. पाऊस ओसरला की परत येते. रिमझिम पावसातही जात असेल, तर छत्रीची दिशा आणि केबलचे जोड तपासून घ्यावेत.