बरोसा शिराझचे आस्वादन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराच्या ईशान्येस असलेल्या बरोसा खोऱ्यात शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांपासून होणारी गडद लाल वाइन पारखण्याची रीत. या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण बहुधा १४.५ ते १६ टक्के असते. म्हणून तिचे आस्वादन हे मुख्यतः मद्यार्काने काय दिले आणि काय झाकले, याचा निवाडा ठरते.

शिराझ म्हणजेच फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील सिरा. जेम्स बझ्बी याने १८३० च्या दशकारंभी युरोपातून ऑस्ट्रेलियात आणलेल्या वेलींच्या काड्यांत ती होती, आणि १८४० च्या दशकात बरोसात आलेल्या ल्यूथरपंथी जर्मन वसाहतकऱ्यांनी खोऱ्यात द्राक्षशेती रुजवली. मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोहोचली नसल्याने एकोणिसाव्या शतकातील काही वेली तेथे कलमाविना आजही फळ देतात. कोरड्या, तप्त उन्हाळ्यात द्राक्षांत साखर भराभर साठते; लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली, की १ टक्का मद्यार्क तयार होतो. साखर वाढताना नैसर्गिक आम्ल मात्र घटते, त्यामुळे टार्टारिक आम्ल वरून घालण्याची तेथे सर्रास पद्धत आहे. ते बेताने न घातल्यास आंबटपणा वाइनमध्ये मुरत नाही, वेगळाच जाणवतो.

ही वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला द्यावी, कारण त्याहून कोमट झाल्यास मद्यार्काची वाफ फळाच्या गंधावर मात करते. पेला फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या धारा मद्यार्काची साक्ष देतात, दर्जाची नव्हे. गंधात काळी बेरी, आलुबुखार, चॉकलेट आणि कधी निलगिरी आढळते. शिराझमधील काळ्या मिरीचा वास रोटंडोन या द्रव्यामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. सुमारे पाचातल्या एकाला तो वास येतच नाही, हे परीक्षकांच्या मतभेदांचे एक निरुपद्रवी कारण होय. नारळ व व्हॅनिलाची छटा अमेरिकन ओकच्या पिंपांतून उतरते. वाइननिर्माता मॅक्स शूबर्ट याने १९५१ मध्ये प्रयोगादाखल केलेल्या पेनफोल्ड्स ग्रेंज या वाइनपासून या पिंपांना विशेष प्रतिष्ठा लाभली.

खरी परीक्षा तोंडात होते. साखर जवळपास संपलेली असूनही मद्यार्क स्वतःच गोडसर लागतो, वाइनला भरीवपणा देतो आणि टॅनिनचा, म्हणजे साली, बिया व लाकडातून येणाऱ्या तुरट द्रव्यांचा, कडकपणा सौम्य करतो. म्हणून पहिला घोट जवळजवळ नेहमीच मोहवतो. दोष असेल तर तो घोट सरल्यावर कळतो. मिरचीच्या तिखटाला प्रतिसाद देणारे चेताग्राहीच मद्यार्कानेही उत्तेजित होतात, आणि फळाची चव विरल्यावर घशात केवळ जळजळ उरली, तर तोल बिघडला असे मानावे. १५.५ टक्क्यांची वाइन या कसोटीस उतरते आणि १४ टक्क्यांची उतरत नाही, असेही घडते.

१५ टक्के मद्यार्काच्या ७५० मिली बाटलीत सुमारे ८९ ग्रॅम मद्यार्क असतो, तेव्हा चाखून थुंकणे हा येथे शिष्टाचार नसून गरज आहे. ओळीने अनेक वाइन चाखताना जिभेला थकवा येऊन सर्वांत दांडगी वाइनच लक्षात राहते. १९९० च्या दशकात अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर याच्या भरघोस गुणांमुळे गाजलेल्या बरोसा वाइनवर हाच आक्षेप पुढे घेतला गेला. जिभेच्या या थकव्यामुळे चाखण्याचा क्रम कमी मद्यार्काकडून अधिकाकडे ठेवतात. पण ऑस्ट्रेलियन नियमांनुसार लेबलावरील आकड्यात दीड टक्क्यापर्यंत फरक चालतो, म्हणून केवळ लेबल पाहून लावलेला क्रमही फसू शकतो.