‘क’ म्हणजे उणे ७७

सी भाषेतील ‘कॅर’ या विदाप्रकाराचे नाव कॅरॅक्टर म्हणजे अक्षर या शब्दावरून पडले. ते अक्षर इंग्रजीचे होते, हे भारतीय लिपी संगणकावर आल्या तेव्हा ठळकपणे जाणवले.

सीची पूर्वज असलेल्या ‘बी’ भाषेत विदाप्रकार नव्हतेच. संख्या, पत्ता, अक्षर, सारे काही यंत्राच्या एकाच मापाच्या कप्प्यात बसे. बेल लॅब्समध्ये आलेल्या पीडीपी-११ या यंत्रात मात्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. त्याचा लाभ घेण्यासाठी डेनिस रिची यांनी १९७१ पासून भाषेत प्रकार आणले: ‘इंट’ १६ बिटांचा, ‘कॅर’ ८ बिटांचा. बाइट उचलताना हे यंत्र तिचा पहिला बिट चिन्ह मानी. त्यामुळे कॅरची मूल्ये उणे १२८ ते १२७ झाली. इंग्रजीचे आस्की संकेत ० ते १२७ मध्येच संपतात, तेव्हा कोणाचे काही अडले नाही. इतर यंत्रांवर हेच मूल्य धन असे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकानेही हा प्रश्न प्रत्येक कंपायलरवर सोडला. हा समंजसपणा म्हणावा की टाळाटाळ?

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणजेच ‘इस्की’ स्वीकारले. ब्राह्मीकुळातील लिपींना एकच संकेतमाला देणारी ही योजना खरोखर देखणी होती. खालचे १२८ संकेत आस्कीला, भारतीय अक्षरे त्यांच्या वर. ‘क’ला १७९ मिळाला. चिन्हांकित कॅरमध्ये तोच १७९ वजा २५६, म्हणजे उणे ७७ होतो. अक्षराचे मूल्य घेऊन कोष्टकात शोध घेणारा कार्यक्रम मग कोष्टकाच्या सुरुवातीच्याही मागची स्मृती वाचू लागे. इंग्रजी मजकुरावर तोच कार्यक्रम निर्दोष चाले, म्हणून दोष सापडणेही कठीण. उपाय ‘अनसाइन्ड’ हा एक शब्द. पण तो आठवणीने प्रत्येक ठिकाणी लिहावा लागे.

युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ला तीन बाइट लागतात आणि तिन्ही १२७ च्या वरच्या. लिनक्सवर इंटेलच्या प्रोसेसरसाठी कॅर आजही सामान्यतः चिन्हांकित असतो, एआरएमसाठी नसतो. आणि वाचकाला एकच अक्षर दिसणाऱ्या ‘क्षि’ची लांबी सीचे प्रमाण फलन १२ सांगते.