बांधाच्या आत आणि बाहेर : बिहारमधील पुनर्रचनेचा वाद

निसर्गाचा कोप काही क्षणांचा किंवा काही दिवसांचा असतो. त्यानंतरची उभारणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपत्ती कोणाला निवडून गाठते असे म्हणता येत नाही. पुनर्रचना मात्र निवड करते. कोणते गाव आधी, कोणाच्या शेताची वाळू आधी, कोणती नदी कोणत्या बाजूने अडवायची, हे सारे निर्णय माणसांचे असतात आणि म्हणूनच ते राजकारणाचे असतात. २०११च्या जनगणनेनुसारही ज्याची जवळजवळ ८९ टक्के लोकसंख्या खेड्यांत राहत होती, त्या बिहारचा विसाव्या शतकातील इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९३४चा भूकंप आणि त्यानंतरचा कोसी नदीचा प्रश्न यांची नोंद इतिहासग्रंथांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत होते. वस्तुतः तो एकाच दीर्घ वादाचा ओघ आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर शहर जवळजवळ भुईसपाट झाले; मुझफ्फरपूर, दरभंगा, सीतामढी, मोतीहारी या भागांत हाहाकार उडाला. केवळ बिहारमध्ये सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मधू लिमये यांचा मतदारसंघ म्हणून मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले मुंगेर ते हेच. परंतु शहरांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली, तशी खेड्यांची हानी पोहोचली नाही. उत्तर बिहारच्या मैदानात जमिनीला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली. विहिरी बुजल्या, पिकाऊ शेतांवर वाळूचे थर साचले. साखर कारखाने मोडून पडल्यामुळे उभा ऊस शेतातच राहिला. शहरात घर पडले तर ते पुन्हा बांधता येते. शेत वाळूखाली गेले तर शेतकऱ्याचे भवितव्यच गाडले जाते.

या भूकंपाने देशात जो पहिला वाद उभा केला, तो कारणमीमांसेचा होता. २४ जानेवारी रोजी तिरुनेलवेली येथील भाषणात महात्मा गांधींनी हा उत्पात अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि नैतिक तत्त्वाच्या समर्थनासाठी निसर्गाच्या उत्पाताचा आधार घेतल्यास समाजातील अविवेकाला बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधींनी ते निवेदन फेब्रुवारी १९३४मध्ये ‘हरिजन’मध्ये छापले आणि त्याला उत्तरही दिले. प्रतिपक्षाचे मत स्वतःच्या पत्रातून प्रसिद्ध करण्याची ही रीत आज मुद्दाम आठवावी अशी आहे. तरीही एक गोष्ट लक्षात येते. भूकंप का झाला, या प्रश्नावर त्या काळातील दोन थोर पुरुषांनी वाद घातला; भूकंपानंतर शेतकऱ्याचे काय व्हावे, हा प्रश्न त्या वादाच्या कक्षेत आला नाही.

तो प्रश्न अन्यत्र उपस्थित झाला. त्या वेळी कायदेभंगाची चळवळ रेंगाळत चालली होती. कारावासात असलेल्या राजेंद्रप्रसादांची भूकंपानंतर दोनच दिवसांनी सुटका झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बिहार मध्यवर्ती साहाय्य समिती उभी राहिली. हिशेबाची बाजू जे. सी. कुमारप्पा यांनी सांभाळली. ज्या सरकारशी असहकार पुकारला, त्याच सरकारबरोबर मदतकार्यात हात मिळवावा काय, असा पेच काँग्रेसजनांपुढे होता. संकटकाळी सरकारशी सहकार्य करावे, असा कौल गांधींनी दिला. पुढे सविनय कायदेभंग स्वतःपुरता मर्यादित ठेवण्याच्या त्यांच्या निवेदनाचा मसुदाही याच दौऱ्यात, २ एप्रिल रोजी, कोसीकाठच्या सहरसा येथे तयार झाला.

परंतु खेड्यांतून वेगळीच वार्ता येत होती. बिहारमधील किसान सभेचे प्रवर्तक स्वामी सहजानंद सरस्वती यांनी आपल्या ‘मेरा जीवन संघर्ष’ या आत्मकथनात हा प्रसंग नोंदवला आहे. आपद्‌ग्रस्त कुळांकडून जमीनदारांची माणसे थकलेला खंड निर्दयपणे वसूल करीत होती. एका हाताने मिळालेली मदत दुसऱ्या हाताने काढून घेतली जात होती. ही व्यथा घेऊन सहजानंद पाटण्यास गांधींना भेटले. जमीनदार कुळांच्या अडचणी दूर करतील, दरभंगा संस्थानाचे व्यवस्थापक तर काँग्रेसचेच आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. त्या क्षणी आपला गांधींवरील विश्वास संपला, असे सहजानंदांनी लिहिले आहे. गांधींच्या भूमिकेमागे हृदयपरिवर्तनावरील श्रद्धा होती, हे मान्य करावे लागेल. पण सहजानंदांचा प्रश्न व्यवहाराचा होता. मदत कोणाच्या हाती पडते हे पाहून चालत नाही; ती शेवटी कोणाच्या घरात राहते, हे पाहावे लागते. पुनर्रचनेच्या इतिहासातील हा मूलभूत प्रश्न बिहारमध्ये प्रथम इतक्या तीव्रतेने विचारला गेला, तो एका संन्याशाने.

भूकंपानंतर पुराचा प्रश्न ऐरणीवर आला. जमिनीची उंचसखलता बदलली, नाले वाळूने भरले, पाण्याचा निचरा बिघडला अशा तक्रारी वाढल्या. १९३७मध्ये श्रीकृष्ण सिंह यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाटण्यात पूरविषयक परिषद भरली. प्रांताचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी तेथे मांडलेली भूमिका अनेकांना धक्कादायक वाटली. नदीकाठी मातीचे तटबंध घालून पूर रोखण्याच्या ते विरुद्ध होते. पूर टाळणे ही उत्तर बिहारची गरज नाही. पुराचे पाणी पसरावे आणि लवकर ओसरावे ही गरज आहे. तटबंधाने मिळणारे संरक्षण फसवे असते, अशी त्यांची धारणा झाली होती.

या भूमिकेमागील तर्क समजून घ्यावयास हवा. कोसी हिमालयातून अपार गाळ घेऊन उतरते. मैदानात वेग मंदावला की तो गाळ पात्रात साचतो, पात्र उथळ होते आणि नदी नवा मार्ग शोधते. अशा रीतीने सुमारे अडीचशे वर्षांत ती पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभराहून अधिक किलोमीटर सरकली. मोकळ्या नदीचा गाळ विस्तीर्ण प्रदेशात पातळ थराने पसरतो आणि जमीन कसदार करतो. दोन्ही बाजूंनी बांध घातले की तोच गाळ बांधांच्या मधल्या पट्ट्यात साचत राहतो, पात्र वर्षावर्षाने उंचावते आणि एक दिवस नदी आजूबाजूच्या शिवारापेक्षा वरून वाहू लागते. बांधाबाहेरचे पावसाचे पाणी आणि लहान उपनद्या यांना नदीत शिरता येत नाही. ते पाणी बाहेरच तुंबते. मग बांध फुटला तर येणारा पूर हा पूर्वीचा हळूहळू चढणारा पूर नसतो, तो लोंढा असतो. बंगालमध्ये दामोदर नदीवरील तटबंधांचा असाच अनुभव आल्यामुळे एकोणिसाव्या शतकातच त्यांचा काही भाग काढून टाकावा लागला होता.

हॉल यांचे म्हणणे कोणी खोडून काढले, असे दिसत नाही. पुढील वीस वर्षांत ते केवळ बाजूला पडले. ६ एप्रिल १९४७ रोजी निर्मली येथे कोसीपीडितांची प्रचंड परिषद भरली. राजेंद्रप्रसाद आणि श्रीकृष्ण सिंह यांच्या उपस्थितीत हंगामी सरकारचे मंत्री सी. एच. भाभा यांनी नेपाळमधील बराहक्षेत्र येथे उंच धरण बांधण्याची योजना जाहीर केली. सुमारे २२९ मीटर उंचीचे ते धरण नवस्वतंत्र देशाच्या ऐपतीबाहेरचे ठरले. १९५३च्या पावसाळ्यात भीषण पूर आला आणि काहीतरी तत्काळ करून दाखविण्याचा दबाव असह्य झाला. त्याच वर्षअखेर कोसीवर तटबंध घालण्याची योजना मंजूर झाली. त्यानंतर, १९५४मध्ये, कंवर सेन आणि के. एल. राव हे दोन अभियंते पीत नदीवरील बांध पाहण्यासाठी चीनला गेले आणि अनुकूल मत घेऊन परतले. पीत नदीचे बांध इतिहासात कितीदा फुटले, हे तेव्हाही अज्ञात नव्हते. निर्णय आधी झाला होता. पुरावा नंतर गोळा केला गेला.

१४ जानेवारी १९५५ रोजी निर्मलीजवळ मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. त्या काळातील वातावरण विसरून या निर्णयाचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. विनोबा भावे सप्टेंबर १९५२पासून १९५४च्या अखेरीपर्यंत बिहारमध्ये पदयात्रा करीत होते. भूदानात वीस लाखांहून अधिक एकर जमिनीची दानपत्रे त्यांच्या पदरात पडली होती. जमीनदारी संपुष्टात येत होती. श्रमदान हा शब्द तेव्हा गुळगुळीत झालेला नव्हता. भारत सेवक समाजाच्या हाकेला ओ देऊन हजारो ग्रामस्थांनी बांधावर माती टाकली. कोसीने ओसाड केलेली परती जमीन पुन्हा हिरवी होईल, हे स्वप्न फणीश्वरनाथ रेणूंच्या १९५७च्या ‘परती : परिकथा’ या कादंबरीच्या पार्श्वभूमीला आहे. ते स्वप्न खोटे नव्हते. बांधाबाहेरच्या मोठ्या प्रदेशात नदीचे भटकणे थांबले, वस्ती स्थिरावली, पुढे कालव्यांचे पाणीही आले.

प्रश्न होता तो बांधांच्या आत राहिलेल्यांचा. दोन तटबंधांच्या मध्ये ३०४ गावे आणि जनगणनेच्या हिशेबाने सुमारे १ लाख ९२ हजार माणसे सापडली. बांधाची आखणी होऊ लागली तसा प्रत्येक गावाने आपण रेषेच्या बाहेर राहावे म्हणून आटापिटा केला. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांच्यासाठी रेषा सरकली, ज्यांच्या शब्दाला ते नव्हते ते आत राहिले. विधानसभेत आश्वासने मिळाली. बांधाबाहेर घरासाठी जागा देण्याचे ठरले. शेतीच्या बदल्यात शेती मात्र नाही. घर बाहेर आणि शेत आत अशी ही व्यवस्था होती. मधे नदीचे प्रवाह, आणि पावसाळ्यात होडीवाचून जाणे-येणे नाही. कागदावर सुटसुटीत असलेला हा तोडगा शेतकऱ्याला पेलणे शक्य नव्हते. बाहेर मिळालेल्या जागाही अनेक ठिकाणी साचलेल्या पाण्यात गेल्या. बहुसंख्य कुटुंबे परत आत गेली आणि दरवर्षी पुराशी तडजोड करीत राहू लागली. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन होण्यास १९८७ उजाडले.

दरम्यान बांधांची लांबी वाढतच गेली. १९५२मध्ये बिहारमध्ये १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. १९९४मध्ये तटबंध ३४६५ किलोमीटर झाले आणि पूरप्रवण क्षेत्र जवळजवळ ६९ लाख हेक्टर. या दोन आकड्यांमध्ये सरळ कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. पण ज्या उपायाने व्याधी कमी व्हावयाची, त्या उपायाबरोबर ती वाढली, एवढे तरी त्यांतून दिसते. १९६३पासून कोसीचे बांध वेळोवेळी फुटत आले. १९८४मध्ये नवहट्टाजवळ पूर्व तटबंध फुटून लाखो लोक बेघर झाले.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तटबंध फुटला. नदीत तेव्हा सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते. बांध मात्र साडेनऊ लाख क्युसेकांच्या हिशेबाने बांधलेला होता. कोसीने जुन्या मार्गांवर पुन्हा धाव घेतली आणि सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोक पुरात सापडले. ज्यांनी अर्धशतकभर स्वतःला सुरक्षित मानले होते, ते बांधाबाहेरचे लोक या वेळी बुडाले. दोष केंद्राचा, राज्याचा की नेपाळचा, यावर सभागृहांतून आणि सभांतून वाद झाले. चौकशी आयोग नेमला गेला. पूर्वीपेक्षा चांगले उभारू, अशी घोषणा झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने घरे बांधण्याचा कार्यक्रम आखला गेला आणि घरमालकाने स्वतः बांधकाम करावे, बांबूचाही पर्याय असावा, असे काही विचारी बदल त्यात झाले. पण शेतात साचलेली वाळू कोणी काढायची, ज्याच्या नावावर जागाच नाही त्याने घर कोठे बांधायचे, कुळाने कसलेल्या शेताची भरपाई कोणाच्या हाती द्यायची, हे प्रश्न पुन्हा समोर आले. १९३४मध्ये सहजानंदांनी विचारलेल्या प्रश्नांची ही नवी आवृत्तीच होती.

फुटलेला बांध पुन्हा बांधण्यात आला आणि नदी बांधांमध्ये परतली. सप्टेंबर २०२४मध्ये बीरपूरच्या बंधाऱ्यातून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सुटले. १९६८नंतरचा तो सर्वांत मोठा विसर्ग होता. त्याही वेळी काही ठिकाणी तटबंध फुटले आणि उंच धरणाची मागणी पुन्हा ऐकू आली.

या नव्वद वर्षांत बिहारमध्ये वादांची उणीव नव्हती. ईश्वरी शासन की भौतिक कारण, सहकार्य की असहकार, धरण की तटबंध, केंद्र की राज्य, अशा वादांत देशातील श्रेष्ठ बुद्धिमत्ता खर्ची पडली. उणीव होती ती वादपक्षांच्या यादीत. ज्याच्या शेतावर वाळू पडली तो कूळ, ज्याचे गाव रेषेच्या आत राहिले तो शेतकरी, यांना साक्षीदार म्हणून बोलावले गेले, कधी पीडित म्हणून गौरवले गेले. निर्णय करणारा पक्ष म्हणून त्यांना आसन मिळाले नाही. लोकशाहीत बहुमताने आखलेली रेषाही कोणाला तरी आत ठेवते. ती आखण्यापूर्वी आतल्या माणसाची संमती आणि त्याच्या नुकसानीची पुरी भरपाई हा पुनर्रचनेचा पहिला खर्च मानला पाहिजे. कोसीच्या बांधांत तो धरला गेला नाही, आणि १९५५पासून बांधांच्या मधली गावे तो दरवर्षी भरीत आली आहेत.