एका भरतीचा प्रवास

दाभोळपासून चिपळूणपर्यंतची वाशिष्ठीची खाडी सुमारे 25 मैलांची आहे. परंतु ज्या काळी मचवे, पडाव आणि गलबते हीच या वाटेवरची वाहने होती, त्या काळी तिचे खरे माप भरती हेच होते. पाणी चढू लागले की निघावे, चढत्या पाण्याबरोबर आत जावे, आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी गोवळकोटचा धक्का गाठावा, एवढाच त्या प्रवासाचा नियम असे. सुटीचे दोन दिवस पाण्यावर, हिरव्या डोंगरांच्या मधून, कोठेही घाई न करता घालवावेत अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी या खाडीचा पूर्वेतिहास अवश्य जाणून घ्यावा. कारण जो संथपणा आज आपण विश्रांतीसाठी शोधतो, तो येथे पाण्याचा कायदाच होता, आणि त्या कायद्याच्या आधारानेच येथील बंदर, पेठ आणि जकात ही सर्व उभी राहिली.

सह्याद्रीच्या पायथ्याशी उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणपाशी सपाटीला येते. पुढे गोवळकोटच्या किल्ल्याला वळसा घालून, खेडकडून येणारी जगबुडी आणि पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांजवळून वाहत येणारी कोटजाई यांना पोटात घेत, उत्तरेस दाभोळ आणि दक्षिणेस अंजनवेल यांच्या मधून ती समुद्रास मिळते. मुखाशी अंजनवेलच्या गोपाळगडाचा पहारा आणि माथ्याशी गोवळकोटचा, अशा दोन किल्ल्यांमध्ये हा सारा जलमार्ग जणू कुलूपबंद केलेला होता. यावरूनच त्याची किंमत राज्यकर्त्यांनी किती ओळखली होती हे ध्यानात येईल.

ती किंमत घाटावरच्या मुलखामुळे होती. बहामनी आणि पुढे आदिलशाही अमलात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदरांपैकी एक होते. अरबस्तान व इराणकडून घोडे येथे उतरत, तांबे आणि पारा येई. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी निकितीन याने परतीच्या प्रवासासाठी याच बंदरात जहाज धरले. बंदरात उतरलेला माल खाडीने चिपळुणास आणि तेथून बैलांच्या तांड्यांनी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई, आणि देशावरचे धान्य, गूळ, कापूस त्याच वाटेने खाली येई. या समृद्धीवर पहिला मोठा घाला 1508 च्या डिसेंबरअखेरीस पडला. चौलच्या लढाईत पुत्र गमावलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा दीवकडे निघाला असता वाटेत दाभोळवर उतरला आणि त्याने गाव जाळून लुटले. तरीही बंदर पुन्हा सावरले. आदिलशाही घराण्यातील आयेशाबीबी मक्केच्या यात्रेस निघाली असता येथे अडकून राहिली आणि यात्रेचे द्रव्य तिने मशीद बांधण्यात खर्चिले, अशी आख्यायिका ज्या मशिदीविषयी सांगतात, ती मशीद खाडीच्या काठी आजही उभी आहे. अफजलखानाच्या वधानंतर लवकरच हा मुलूख शिवाजीमहाराजांच्या अमलाखाली आला, आणि सुभे दाभोळ हे नाव स्वराज्याच्या दप्तरातही कायम राहिले.

राज्ये बदलली, पण नाखव्याचे गणित बदलले नाही. ते गणित पंचांगातील तिथीवर चाले. शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास समुद्रकाठी पूर्ण भरती, आणि तिच्या आधी व नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. बोटांच्या पेरांवर होणारा हा हिशेब सोपा दिसतो, पण त्याच्यात वाऱ्याची मिळवणी केल्यावाचून प्रवास ठरत नसे. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून वाहतो, तो वर जाणाऱ्यास नाळेवर लागतो. मध्यान्हीच्या सुमारास तो पडतो आणि समुद्रावरचा वारा सुटतो, तो त्याच शिडाला पाठीमागून भरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर, म्हणून जड लादलेल्या गलबतास तेच दिवस सोयीचे. परंतु त्या दिवशी भरती सकाळी चढते आणि वारा विरुद्ध असतो. अष्टमीस भरती दुपारी चढते, वारा अनुकूल असतो; पण ते दिवस भांगाचे, पाणी उणे. अशा वेळी हलक्या होडीस मधली तिथी सर्वांत हितकर ठरे.

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली, आणि मुंबईहून निघालेला उतारू दाभोळास मोठ्या बोटीतून लहान बोटीत उतरून खाडीने चिपळूणकडे जाऊ लागला. वाफेच्या यंत्राने वाऱ्याची ताबेदारी संपविली. भरतीची मात्र संपविता आली नाही, कारण माथ्याकडे खाडी उथळ आहे आणि तेथे पाणी येईल तेव्हाच बोट जाईल. पावसाळ्यात किनाऱ्यावरची ही वाहतूक बंदच राही. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली, 1998 साली कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली, आणि गोवळकोटचा धक्का ओस पडला. 1962 पासून कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पोफळीहून वाशिष्ठीत उतरते, त्यामुळे नदीचा प्रवाहही पूर्वीचा राहिलेला नाही. चंद्राचे आणि समुद्राचे नाते तेवढे अबाधित आहे.

म्हणून ज्यांना ही खाडी पाहावयाची असेल, त्यांनी हिवाळ्यातील एखादी पंचमी निवडावी. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दाभोळास सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी सरेल. तेव्हा निघावे, दुपारी वारा पाठीशी येईल, दोन्ही काठांचे कांदळवन पाण्यात बुडत जाईल आणि उतरत्या उन्हात गोवळकोट दिसेल. रात्र चिपळुणात काढावी. दुसऱ्या दिवशी षष्ठी, पूर्ण भरती पहाटे साडेचारच्या सुमारास. माथ्यावर ती थोडी उशिरा पोचते, म्हणून तांबडे फुटताच होडी सोडली की पाणी आणि मतलई दोन्ही समुद्राकडेच नेतील. आदल्या दिवशी पाण्याखाली गेलेली चिखलाची बेटे आता हळूहळू उघडी पडतील, आणि त्यांवर उन्हाला आलेल्या मगरी जबडा वासून निश्चल पडलेल्या दिसतील. एकाच खाडीची ही दोन रूपे पाहण्यासाठी नाखव्याचे जुने गणित पुन्हा एकदा आपल्या बोटांच्या पेरांवर करून पाहावे; ज्या विद्येवर एवढे बंदर शतकानुशतके चालले, तिचा तेवढा मान आपण राखलाच पाहिजे.