मोकळ्या तारखांचा खेळ

बास्केटबॉलचा जन्म व्यायामशाळेत झाला, हे खरे आहे. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने वायएमसीएच्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ बेतला, तेव्हा प्रेक्षकाचा विचार त्याच्या मनात नव्हता. बर्फामुळे बाहेर पडता न येणाऱ्या तरुणांना घाम गाळायला लावायचे, एवढाच त्याचा हेतू. पण आज ज्या खेळाचा एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमधला सामना बघायला कुटुंबेच्या कुटुंबे महिनाभर आधी तिकिटे काढतात, गाडी कुठे लावायची आणि जेवण आधी की नंतर हे ठरवून घराबाहेर पडतात, तो खेळ मला नेस्मिथचा वाटत नाही. तो सभागृहांच्या मालकांनी घडवला. त्यांच्याकडे छप्पर होते, खुर्च्या होत्या आणि कोणताही कार्यक्रम नसलेल्या रात्री होत्या. त्या रात्री भरण्यासाठी व्यावसायिक बास्केटबॉल उभा राहिला, आणि त्याचे महत्त्वाचे नियमही तिकीट काढून आलेल्या माणसाची संध्याकाळ समोर ठेवून ठरले.

सुरुवातीपासून पुरावा याच दिशेने जातो. 1896 मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या खेळाडूंचे वायएमसीएशी बिनसले. त्यांनी मेसॉनिक टेंपलचा हॉल घेतला, तिकीट लावले आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे आपसात वाटून घेतले. पैसे घेऊन खेळल्या गेलेल्या सामन्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींत याची गणना होते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे हा धंदा नाचघरांच्या आधाराने तगला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बॉब डग्लस यांनी 1923 साली कृष्णवर्णीय खेळाडूंचा व्यावसायिक संघ उभारला. त्याला सरावाला आणि सामन्यांना जागा हवी होती. ती रेनेसाँ बॉलरूमने दिली आणि बदल्यात संघाने तिचे नाव घेतले. सामना नाचाच्याच जमिनीवर व्हायचा आणि तो संपला की वाद्यवृंद सुरू व्हायचा. फिलाडेल्फियात ज्यू तरुणांचा ‘स्फाज’ संघ ब्रॉडवुड हॉटेलच्या बॉलरूममध्ये शनिवारी रात्री खेळे. त्यांचा गिल फिच नावाचा खेळाडू सामना संपताच घामाचा गणवेश उतरवून सूट चढवी आणि व्यासपीठावर जाऊन बँडचे संचालन करी. तिकीट पुरुषांना 65 सेंट आणि स्त्रियांना 35 सेंट. स्त्रिया आल्या तर पुरुष येतील आणि नाचासाठी थांबतील, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

यावर कोणी म्हणेल की नाच हा नुसता जोडधंदा होता, खरे आकर्षण खेळच. रेनेसाँ संघाकडे पाहिले तर हा आक्षेप वजनदार आहे. या संघाने 1932-33 च्या हंगामात सलग 88 सामने जिंकले आणि 1939 मध्ये शिकागोच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत ऑशकॉशच्या गोऱ्या संघाला अंतिम फेरीत हरवले. अशा संघाला कोणी नाचाची प्रस्तावना म्हणू नये. पण गोऱ्यांच्या व्यावसायिक लीगचे दरवाजे त्याला बंद होते. खेळाडूंना गावोगाव फिरून सामने मिळवावे लागत, आणि बऱ्याच गावांत राहायला खोली किंवा बसून जेवायला जागाही मिळत नसे. हार्लेममधली बॉलरूम कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती. तिथे माणसे मानाने येत, नटून येत, आपल्या माणसांत रात्र घालवत. त्या रात्रींनी संघाला घर दिले आणि घर होते म्हणून संघ टिकला. खेळाचा दर्जा आणि रात्रीचे आयोजन यांची फारकत मला इथे करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच हिशेब मोठ्या आकारात मांडला गेला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेड आयरिश यांनी डिसेंबर 1934 मध्ये एकाच रात्री कॉलेजांचे दोन सामने लावले होते आणि 16 हजारांवर लोक आले होते. मोठ्या सभागृहांच्या मालकांनी ते पाहून ठेवले होते. 6 जून 1946 रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात जमून त्यांनी नवी लीग काढली. तीच पुढे एनबीए झाली. त्यातल्या बहुतेकांचा मूळ धंदा आइस हॉकीचा. त्यांनी अध्यक्ष नेमला तो मॉरिस पोडोलॉफ, हॉकीच्याच एका लीगचा प्रमुख. आपल्याकडच्या नाट्यनिर्मात्याला जशा शनिवार-रविवारच्या तारखांची काळजी, तशी या मालकांना हॉकी, सर्कस आणि बर्फावरचे खेळ यांमधून उरणाऱ्या तारखांची काळजी होती. बर्फावर फळ्या टाकून कोर्ट केले जाई आणि ओलीमुळे जमीन निसरडी होई. पहिला सामना 1 नोव्हेंबर 1946 ला टोरांटोत झाला. तिथल्या लोकांना हॉकीचे वेड, म्हणून जाहिरात केली होती की आमच्या सर्वांत उंच खेळाडूपेक्षा, म्हणजे 6 फूट 8 इंचांपेक्षा, उंच असलेल्याला प्रवेश फुकट. 7,090 लोक आले. यजमान 66-68 असे हरले आणि हंगामाअखेर तो संघ बंद पडला.

याच लीगने सामन्याची लांबी ठरवली, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा असे. नव्या लीगने तो 48 मिनिटांचा केला, कारण पैसे देणाऱ्याला दोन तासांची करमणूक हवी असते असे मालकांचे मत होते. खेळाडूंच्या दमाचा किंवा डावपेचांचा यात विचार नव्हता. पण लांब केलेली रात्र कंटाळवाणीही होऊ शकते. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या उंचपुऱ्या जॉर्ज मायकनला निष्प्रभ करण्यासाठी चेंडू नुसता धरून ठेवला. सामना 19-18 असा संपला. सात हजार प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. उपाय सुचवला तो सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. बोलिंगच्या खेळाचे ठिकाण चालवणारा हा माणूस. गिऱ्हाईक कशाने कंटाळते हे तो रोज पाहत होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा टोपलीकडे चेंडू टाकतात, असा बियासोन यांचा हिशेब. 48 मिनिटांचे 2,880 सेकंद. त्यांना 120 ने भागले की 24. संघाने 24 सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे, हा नियम 1954 पासून लागू झाला. दर सामन्यात संघामागे होणाऱ्या गुणांची सरासरी एका हंगामात 79.5 गुणांवरून 93.1 वर गेली. आज जगभर ज्या घड्याळाखाली हा खेळ खेळला जातो, त्यातला 24 हा आकडा असा दोन तासांच्या करमणुकीच्या गणितातून निघाला.

हा नियम खेळाच्याच भल्याचा होता, वेळ काढण्याची खोड त्याने मोडली, असेही म्हणता येईल. भले झाले यात वादच नाही. पण तोच दोष कॉलेजच्या बास्केटबॉलमध्येही होता, आणि पुरुषांच्या कॉलेज सामन्यांना असे घड्याळ सर्वत्र लागू झाले ते 1985-86 च्या हंगामात, तेही 45 सेकंदांचे. कॉलेजचा प्रेक्षक आपल्या संस्थेच्या प्रेमापोटी येणारच होता. व्यावसायिक संघाचा प्रेक्षक एकदा कंटाळला की पुढच्या आठवड्यात सिनेमाला जाणार होता. घाई व्यावसायिकांनाच का झाली, याचे मला पटणारे कारण हेच.

घड्याळ आल्यावरही रात्र भरण्याची धडपड संपली नाही. 2 मार्च 1962 ला फिलाडेल्फियाच्या संघाकडून खेळणाऱ्या विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले, ते फिलाडेल्फियात नव्हे, चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी या लहान गावात. नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून संघ अधूनमधून तिथे जाऊन खेळे. त्या रात्री आधी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंचा बास्केटबॉल सामनाही ठेवला होता. एवढे करून प्रेक्षक 4,124. त्या संघाचे मालक एडी गॉटलिब म्हणजे ब्रॉडवुडच्या शनिवार रात्री चालवणारे तेच गृहस्थ, आणि एनबीएचे वेळापत्रकही वर्षानुवर्षे तेच हाताने बसवत. पुढे 1979 मध्ये जेरी बस यांनी लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ घेतला आणि नर्तिका, वाद्यवृंद, कोर्टालगतच्या महागड्या खुर्च्या हे सगळे एकत्र आणले. त्याला नवा शोध मानतात. मला तो ब्रॉडवुडचाच विस्तार दिसतो, फक्त तिकीट सामान्य माणसाच्या हातातून निसटत गेले. ही या इतिहासातली खरी हानी आहे.

सर्वांत बळकट आक्षेप आजचा आहे: आता पैसा दूरचित्रवाणीचा, मग सभागृहातला प्रेक्षक कशाला हवा? 2020 मध्ये साथीमुळे ऑरलँडोत रिकाम्या जागी हंगाम पुराही करून दाखवला. मात्र तेव्हाही लीगने कोर्टाभोवती मोठे पडदे लावून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले आणि गर्दीचा आवाज सोडला. लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी त्याच वर्षी सांगितले की उत्पन्नाचा सुमारे 40 टक्के वाटा सामन्याच्या रात्रींशी निगडित आहे. 2023 मध्ये बड्या खेळाडूंना विनाकारण विश्रांती देण्यावर बंधने आणली, त्यामागे दूरचित्रवाहिन्यांइतकीच तिकीटधारकाचीही तक्रार होती: ज्याला पाहायला आलो तोच बाकावर बसलेला.

सामन्याच्या रात्रींवरचा हा भरवसा शहरांनाही आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले. जुने क्रीडागृह सोडून 2016 मध्ये त्यांचा संघ शहराच्या मध्यभागी नव्या इमारतीत गेला, आणि शहराने आपला वाटा उचलला तो मुख्यतः वाहनतळांच्या उत्पन्नाच्या भरवशावर. रात्री गाड्या घेऊन लोक येतील, यावर एका शहराने कर्ज काढले. तोच संघ ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला. 4 तारखेचा पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना इंडियानाने 132-131 असा जिंकला. त्यानंतर आपल्याकडे या खेळाची मोठी लीग का उभी राहिली नाही, याची उत्तरे लोक खेळाडूंच्या उंचीत आणि क्रिकेटच्या वेडात शोधतात. मी आधी छपराकडे बघेन. अमेरिकेत दहा-पंधरा हजारांची बंदिस्त सभागृहे आधी बांधलेली होती, त्यांचे मालक रिकाम्या तारखांनी बेजार होते, आणि लीग त्यानंतर आली. वरळीचा डोम त्या मानाने लहान आहे, आणि त्याच्या जोडीला घेता येईल असे दुसरे सभागृह मुंबईत चटकन आठवत नाही.